विश्लेषण : न्यूट्रॉन ताऱ्याची त्रिज्या ७ किलोमीटर की १२?

‘एक्सटीई जे१८१४-३३८’ हा न्यूट्रॉन तारा २००३ मध्ये सापडला. शेजारच्या ताऱ्याचे द्रव्य ओढून घेत तो सेकंदाला ३१४ वेळा स्वतःभोवती फिरतो. २०२४ मध्ये ॲमस्टरडॅम विद्यापीठातील संशोधकांच्या गटाने त्याच्या क्ष-किरण स्पंदांचे गणिती प्रतिमान तयार केले आणि त्यावरून त्याची त्रिज्या काढली. ती आली अवघी ७ किलोमीटर. स्पंदांच्याच अभ्यासातून इतर न्यूट्रॉन ताऱ्यांची त्रिज्या मात्र ११ ते १४ किलोमीटरच्या दरम्यान येते. तेव्हापासून ‘हा तारा क्वार्कचा बनलेला असावा’, ‘त्यात कृष्णद्रव्य मिसळले असावे’ असे सिद्धान्त मांडणारे शोधनिबंध येत आहेत. तारा खरोखरच निराळा आहे, की हिशेबातच काही राहून गेले आहे?

पाच किलोमीटरच्या फरकाला इतके महत्त्व का?

बारा किलोमीटर त्रिज्या म्हणजे चोवीस किलोमीटर व्यास. हे अंतर चर्चगेटपासून अंधेरीच्या थोडे पुढपर्यंत जाते. सात किलोमीटर त्रिज्या धरली तर तारा वांद्र्याच्या आतच संपतो. ताऱ्याचे वस्तुमान मात्र दोन्ही बाबतींत सूर्याहून अधिक. २०२४ च्या हिशेबात ते सूर्याच्या १.२१ पट आले. त्रिज्या बाराऐवजी सात झाली की घनफळ पाचपट कमी होते आणि तेवढेच द्रव्य पाचपट दाटीने कोंबावे लागते. बारा किलोमीटरच्या ताऱ्याची सरासरी घनता अणुकेंद्रकातील द्रव्याच्या घनतेहून थोडीच जास्त भरते. सात किलोमीटरच्या ताऱ्याची सहापट होते.

इतक्या दाटीत न्यूट्रॉन हे न्यूट्रॉन म्हणून टिकतात, की फुटून त्यांच्यातले क्वार्क मोकळे होतात, हा भौतिकशास्त्रातला जुना प्रश्न आहे. पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत त्याचे उत्तर मिळत नाही. जड अणुकेंद्रके एकमेकांवर आदळून क्षणभर प्रचंड दाट द्रव्य तयार करता येते, पण ते अतितप्त असते आणि लगेच विखुरते. थंड, स्थिर आणि इतके दाट द्रव्य फक्त न्यूट्रॉन ताऱ्याच्या पोटात आहे. तिथे कोणी पोहोचू शकत नाही. मात्र ताऱ्याचे वस्तुमान आणि त्रिज्या दोन्ही कळल्या, तर आतले द्रव्य दाबाला किती दाद देते हे ठरवता येते. द्रव्य मऊ असेल तर तारा लहान होतो, ताठ असेल तर मोठा राहतो. म्हणून त्रिज्येच्या एकेका किलोमीटरवर सिद्धान्त टिकतात किंवा बाद होतात. सात किलोमीटरचा तारा नेहमीच्या न्यूट्रॉन-द्रव्याच्या सिद्धान्तांत बसत नाही.

हे तारे इतक्या वेगाने का फिरतात?

मोठ्या ताऱ्याचा स्फोट झाल्यावर मागे उरलेला न्यूट्रॉन तारा आधी वेगाने फिरतो आणि मग हळूहळू मंदावतो. १९६७ मध्ये केंब्रिजला जोसेलिन बेल यांना सापडलेला पहिला स्पंदक सव्वा सेकंदाहून थोड्या जास्त वेळात एक फेरी पूर्ण करत होता. १९८२ मध्ये मात्र सेकंदाला ६४२ फेऱ्या मारणारा स्पंदक सापडला. तो शोधणाऱ्या गटात डोनाल्ड बॅकर यांच्यासोबत कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी होते. तेव्हा ते बर्कलेला पीएच.डी. करत होते.

इतका वेग आला कुठून, याचे स्पष्टीकरण त्याच वर्षी बंगळूरुच्या रामन संशोधन संस्थेतील व्ही. राधाकृष्णन आणि जी. श्रीनिवासन यांनी ‘करंट सायन्स’मध्ये दिले. अमेरिकेतील एका गटानेही स्वतंत्रपणे तीच कल्पना मांडली. थकलेल्या न्यूट्रॉन ताऱ्याला जोडीदार तारा असेल, तर त्याचे द्रव्य न्यूट्रॉन ताऱ्याकडे ओढले जाते. ते सरळ खाली पडत नाही, चकतीसारखे गरगरत आत येते आणि पडताना ताऱ्याला फिरण्याच्या दिशेने रेटा देते. जत्रेतल्या चक्राला प्रत्येक फेरीला हलका हात लावत राहिले की ते भरधाव सुटते, तसे हे आहे. फरक इतकाच, की इथे कोट्यवधी वर्षे हात लागत राहतो.

पुरावा मिळायला १९९८ उजाडले. अमेरिकेच्या ‘आरएक्सटीई’ उपग्रहाच्या नोंदींमध्ये रूडी विनांड्स आणि मिखिल व्हॅन डर क्लिस यांना ‘सॅक्स जे१८०८.४-३६५८’ हा तारा सेकंदाला ४०१ क्ष-किरण स्पंद देताना दिसला. जोडीदाराचे द्रव्य खाणारा आणि मिलिसेकंदांत फिरणारा हा पहिला ज्ञात तारा. त्याचा जोडीदार दर दोन तासांनी त्याला एक प्रदक्षिणा घालतो.

स्पंद निर्माण कसे होतात?

ताऱ्याचे चुंबकीय क्षेत्र आत येणाऱ्या द्रव्याला अडवते आणि चुंबकीय ध्रुवांकडे वळवते. तिथे ते प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास निम्म्या वेगाने आदळते. या पडण्यातून दर किलोमागे जितकी ऊर्जा सुटते, ती हायड्रोजनच्या संमीलनातून मिळणाऱ्या ऊर्जेच्या वीसपटीहून जास्त असते. आदळण्याच्या जागी पृष्ठभाग तापून क्ष-किरण फेकू लागतो. हा तप्त ठिपका फिरण्याच्या अक्षापासून बाजूला असल्यामुळे प्रत्येक फेरीत तो कधी आपल्याकडे तोंड करतो, कधी पाठ. त्याची चमक वरखाली होते, तोच स्पंद.

दुसराही एक मार्ग आहे. साचलेल्या हायड्रोजन-हीलियमच्या थराला अधूनमधून अणुसंमीलनाची आग लागते आणि काही सेकंद ते मिनिटभर तारा भडकतो. ही आग सगळीकडे सारखी नसेल तर त्या भडक्यातही स्पंद उमटतात. ‘जे१८१४’च्या बाबतीत २०२४ चा हिशेब याच भडक्यांतील स्पंदांवर केला होता. त्या नोंदी २००३ च्या, ‘आरएक्सटीई’ने टिपलेल्या. तो उपग्रह २०१२ मध्ये निवृत्त झाला, पण त्याने जमवलेल्या नोंदी अजून नवी उत्तरे देत आहेत.

स्पंदावरून त्रिज्या कशी कळते?

हजारो प्रकाशवर्षे दूर असलेला वीसेक किलोमीटरचा गोळा कोणत्याही दुर्बिणीतून बिंदूसारखाच दिसतो. त्याच्यावर मोजपट्टी ठेवता येत नाही. हाती असते ती फक्त एका फेरीतली चमक : कधी किती क्ष-किरण आले, कोणत्या ऊर्जेचे आले. तरीही त्या चढउताराच्या वक्रात दोन खुणा दडलेल्या असतात.

पहिली खूण गुरुत्वाकर्षणाची. साध्या चेंडूचा एका वेळी अर्धाच भाग दिसतो. न्यूट्रॉन ताऱ्याजवळ प्रकाश इतका वाकतो, की पलीकडच्या बाजूचे किरणही वळून आपल्यापर्यंत येतात. सूर्याच्या १.४ पट वस्तुमान आणि १२ किलोमीटर त्रिज्या असेल, तर एका वेळी पृष्ठभागाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग दिसतो. तारा जितका आवळलेला, तितका ठिपका कमी वेळ झाकला जातो आणि स्पंदाचा चढउतार सपाट होतो. यातून वस्तुमान आणि त्रिज्या यांचे गुणोत्तर मिळते.

दुसरी खूण वेगाची. सेकंदाला ३१४ फेऱ्या मारणाऱ्या ताऱ्याची त्रिज्या १२ किलोमीटर असेल, तर विषुववृत्तावरचा वेग सेकंदाला सुमारे २३,७०० किलोमीटर होतो. त्रिज्या ७ असेल तर तो १३,८०० वरच थांबतो. आपल्याकडे येणाऱ्या रेल्वेची शिट्टी चढ्या सुरात आणि दूर जाणाऱ्या रेल्वेची उतरत्या सुरात ऐकू येते. तसाच ठिपका आपल्याकडे येताना अधिक तेजस्वी आणि अधिक ऊर्जेचा दिसतो, दूर जाताना मंद. त्यामुळे स्पंद एका बाजूला झुकतो. हा झुकाव जितका जास्त, तितका वेग जास्त आणि तितकी त्रिज्या मोठी. दोन्ही खुणा एकत्र वाचल्या की वस्तुमान आणि त्रिज्या वेगळ्या करता येतात.

प्रत्यक्षात हे काम उलट दिशेने होते. संगणकावर एक कल्पित तारा घ्यायचा. त्याला वस्तुमान, त्रिज्या, अक्षाचा कल, ठिपक्याची जागा, आकार आणि तापमान द्यायचे. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेच्या नियमांनी त्याचे स्पंद काढायचे आणि खऱ्या नोंदींशी ताडून पाहायचे. असे लाखो कल्पित तारे तपासल्यावर कोणते नोंदींशी जुळतात ते कळते. ॲमस्टरडॅमच्या गटाने यासाठी तयार केलेली ‘एक्स-पीएसआय’ ही संगणकप्रणाली कोणालाही वापरता येईल अशी खुली ठेवली आहे.

मग उत्तरात गोंधळ कुठे होतो?

एकच स्पंद वेगवेगळ्या ताऱ्यांपासून येऊ शकतो. चढउतार सपाट दिसला, तर तारा फार आवळलेला असेल, किंवा ठिपका अगदी ध्रुवाजवळ असल्यामुळे फारसा हलत नसेल, किंवा तो खूप पसरट असेल. द्रव्य खाणाऱ्या ताऱ्यांत यात आणखी भर पडते. आत येणारे द्रव्य कमीजास्त झाले की ठिपक्याचा आकार आणि जागा बदलते. ठिपक्यावरचा तप्त वायू किरणांना विखुरतो. भोवतालची चकती दुसऱ्या ध्रुवाचा ठिपका झाकते आणि काही किरण स्वतः परावर्तित करते. भडक्यात तर आग पसरत असते आणि तापमान दर सेकंदाला बदलते. यातले काय धरायचे, काय सोडायचे आणि काय स्थिर मानायचे, हे प्रतिमान करणाऱ्यालाच ठरवावे लागते.

‘जे१८१४’चीच गोष्ट पाहा. सध्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असलेले सुदीप भट्टाचार्य यांनी २००५ मध्ये अमेरिकेतील सहकाऱ्यांसोबत याच ताऱ्याच्या, याच उपग्रहाने टिपलेल्या २२ भडक्यांचे विश्लेषण केले होते. त्यांनी नेमकी त्रिज्या दिली नाही. तारा किती आवळलेला असू शकतो याची मर्यादा ९० टक्के खात्रीने सांगितली. त्या मर्यादेत सूर्याच्या १.२१ पट वस्तुमानाचा तारा बसवला, तर त्याची त्रिज्या सुमारे साडेसात किलोमीटरहून जास्त भरते. २०२४ चे उत्तर, ७.० अधिक-उणे ०.४ किलोमीटर, त्या रेषेच्या खाली पडते. उपग्रह एक, तारा एक, पण प्रतिमान बदलले आणि उत्तर सरकले. २००५ च्या निबंधात ‘आमच्या प्रतिमानापुरते’ असा स्पष्ट उल्लेख होता. बातम्यांमधून गळते ते नेमके हेच वाक्य.

द्रव्य न खाणाऱ्या ताऱ्यांचा अनुभव काय?

ही अडचण फक्त खादाड ताऱ्यांची नाही. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर २०१७ मध्ये बसवलेल्या ‘नायसर’ दुर्बिणीने मुद्दाम शांत तारे निवडले. त्यांच्यावर चकती नाही, भडके नाहीत. त्यांपैकी ‘जे००३०+०४५१’चे निकाल २०१९ मध्ये आले. दोन स्वतंत्र गटांनी त्रिज्या १२.७ आणि १३ किलोमीटर काढली. इतका मेळ पाहून समाधान व्यक्त झाले. २०२४ मध्ये सुधारित प्रतिमाने आणि आणखी नोंदी घेऊन फेरविश्लेषण झाले, तेव्हा ठिपक्यांचा आकार कसा धरला यावर उत्तर फाटले. एका मांडणीत ११.७ किलोमीटर आले, दुसरीत १४.४.

याउलट २०२४ मध्येच ‘जे०४३७-४७१५’ची त्रिज्या ११.४ किलोमीटर आली आणि तिच्यावर अधिक विश्वास ठेवला गेला. कारण या ताऱ्याचे वस्तुमान, अंतर आणि कल रेडिओ दुर्बिणींनी आधीच स्वतंत्रपणे मोजले होते. प्रतिमानाला मोकळे रान नव्हते. सूर्याच्या दुपटीहून किंचित जड असलेल्या ‘जे०७४०+६६२०’च्या बाबतीतही तसेच झाले. धडा सरळ आहे. स्पंद हा एक साक्षीदार आहे, आणि एका साक्षीवर निकाल द्यायचा तर दुसऱ्या साक्षीदाराचा दुजोरा हवा.

खादाड ताऱ्यांसाठी दुसरा साक्षीदार कोण?

क्ष-किरणांचे ध्रुवण. किरणांची कंपने कोणत्या दिशेने कलली आहेत हे मोजले, तर ताऱ्याचा अक्ष आणि ठिपक्याची जागा स्वतंत्रपणे कळते. नासा आणि इटलीची ‘आयएक्सपीई’ दुर्बीण डिसेंबर २०२१ पासून हे काम करते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सापडलेल्या आणि सेकंदाला ४४८ फेऱ्या मारणाऱ्या ‘एसआरजीए जे१४४४’ या ताऱ्याचे ध्रुवण तिने टिपले. द्रव्य खाणाऱ्या मिलिसेकंद स्पंदकाच्या बाबतीत हे प्रथमच घडले. ध्रुवणाचे सरासरी प्रमाण अवघे २.३ टक्के होते. तरीही एका फेरीत ते कसे बदलते यावरून ताऱ्याचा अक्ष आपल्या दृष्टिरेषेशी सुमारे ७४ अंशांचा कोन करतो आणि ठिपका ध्रुवापासून सुमारे १२ अंशांवर आहे, असा अंदाज बांधता आला. हे दोन आकडे बाहेरून मिळाले, तर प्रतिमानाला त्रिज्येसाठी वाटेल तशी तडजोड करता येत नाही.

पद्धतीचीही परीक्षा घेतली जात आहे. ॲमस्टरडॅमशी संबंधित गटाने ‘नायसर’साठी कृत्रिम नोंदी तयार केल्या. त्यातल्या ताऱ्याची त्रिज्या आधीच माहीत होती. मग चकतीसह नव्या प्रतिमानाला ती शोधायला लावले. ठिपका मोठा होता तिथे उत्तर अचूक आले. ठिपका लहान आणि अक्षाचा कल जास्त होता तिथे काही राशी एकमेकींत गुंतल्या आणि वस्तुमान किंचित सरकले. उत्तरपत्रिका हातात असताना केलेली ही चाचणी म्हणून मोलाची. आपली पद्धत कुठे फसते हे तिच्यातून आधीच कळते.

भारताचा वाटा काय?

सप्टेंबर २०१५ मध्ये सोडलेल्या ‘ॲस्ट्रोसॅट’वरचे ‘लॅक्सपीसी’ हे उपकरण टाटा मूलभूत संशोधन संस्थेने मुंबईत बनवले. ते एकेका क्ष-किरणाची वेळ १० मायक्रोसेकंदांपर्यंत नोंदवते. सेकंदाला चारशे फेऱ्या मारणाऱ्या ताऱ्याची एक फेरी अडीच हजार मायक्रोसेकंदांची असते. तेव्हा ही सूक्ष्मता स्पंदाचा आकार टिपायला पुरेशी आहे. १ जानेवारी २०२४ रोजी सोडलेल्या ‘एक्सपोसॅट’वर ध्रुवण मोजणारे ‘पोलिक्स’ आहे. ते ‘आयएक्सपीई’हून अधिक ऊर्जेच्या क्ष-किरणांवर काम करते. ते बनवले रामन संशोधन संस्थेने. वेगवान स्पंदकांचे कोडे १९८२ मध्ये जिथे उलगडले, तीच ही संस्था.

मात्र ही सगळी यंत्रणा वयस्कर होत चालली आहे. पाच वर्षांसाठी बनवलेल्या ‘ॲस्ट्रोसॅट’ला दहा वर्षे उलटून गेली आहेत आणि ‘लॅक्सपीसी’च्या तीन संचांपैकी एक २०१८ मध्येच बंद करावा लागला. ‘नायसर’च्या आवरणाला मे २०२३ मध्ये चिरा गेल्या आणि आत सूर्यप्रकाश शिरू लागला. जानेवारी २०२५ मध्ये निक हेग यांनी सुनीता विल्यम्स यांच्यासोबतच्या अवकाशफेरीत तिला ठिगळे लावली. जूनमध्ये दिशा धरणाऱ्या मोटारीतील बिघाडामुळे तिची निरीक्षणे पुन्हा थांबवावी लागली. चीनच्या पुढाकाराने होणारी ‘ईएक्सटीपी’ मोहीम स्पंद आणि ध्रुवण एकाच वेळी मोजणार आहे, पण ती २०३० च्या आसपास अपेक्षित आहे. खादाड तारे काही वर्षांतून एकदाच काही आठवडे जागे होतात. त्या वेळी वर नजर ठेवणारे कोणी नसेल, तर ती संधी पुढच्या जागरणापर्यंत गेली.

मग सात की बारा?

आज तरी पारडे ‘प्रतिमानात काही राहिले आहे’ याच बाजूला झुकते. एका ताऱ्याच्या, भडक्यांवरून काढलेल्या एका आकड्यासाठी बाकीच्या साऱ्या मोजण्या बाजूला सारणे घाईचे ठरेल. भडक्यात आग कशी पसरते हे अजून नीट समजलेले नाही, आणि अशा ठिकाणी चूक त्रिज्येच्या रूपाने बाहेर पडू शकते. तरीही हा आकडा फेकून देण्यासारखा नाही. तो चुकीचा असेल, तर नेमका कुठे चुकला हे शोधताना प्रतिमान सुधारेल. बरोबर असेल, तर निसर्गात दोन प्रकारचे आवळलेले तारे आहेत असे मानावे लागेल.

क्वार्कचा तारा, कृष्णद्रव्याचा तारा असे मथळे यापुढेही येतील. ते वाचताना तीन प्रश्न विचारावेत. आकडा थेट मोजला की प्रतिमानातून काढला? प्रतिमानात काय गृहीत धरले? स्पंदाशिवाय दुसरा साक्षीदार आहे का? ‘जे१८१४’च्या बाबतीत आज तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. ते ‘हो’ होईपर्यंत सात किलोमीटर हा ताऱ्याचा आकार मानू नये. तो एका गृहीतकाचा हिशेब आहे, आणि तसाच वाचायला हवा.